पार्किन्सन्सची गोळी घड्याळ बघून द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

माझ्या बाबांना पार्किन्सन्स होऊन नऊ वर्षं झाली. गणेश चवथीच्या आधी ते न्हाणीत पडले, खुबा मोडला आणि एका हॉस्पिटलात अ‍ॅडमिट करावं लागलं. घरी त्यांची लेव्होडोपाची गोळी ७, ११, ३ आणि ७ ला ठरलेली, पण वॉर्डात औषधं राउंडला, म्हणजे ८, २ आणि ८ ला, तीही जेवणखाणाबरोबर, आणि चौथी गोळी का नाही ते कोणीच सांगेना. दुसऱ्या दिवशी बाबा लाकडासारखे कडक, कूस वळता येईना, पेजेचा घोट गिळता येईना. सिस्टर म्हणाल्या ऑपरेशनचा थकवा आहे. थकवा कसला हो, गोळ्या चुकल्या होत्या!

या आजारात मेंदूतल्या डोपामिन (अंगाची हालचाल नीट ठेवणारं रसायन) बनवणाऱ्या पेशी कमी होत जातात. नुसतं डोपामिन दिलं तर ते रक्तातून मेंदूत शिरत नाही, लेव्होडोपा शिरतं आणि तिथे त्याचं डोपामिन होतं. ते वाटेतच संपू नये, मळमळ कमी व्हावी म्हणून त्याच गोळीत कार्बिडोपा असतं, बाबांच्या गोळीत १०० ला २५ मिलिग्रॅम. तरी रक्तातलं लेव्होडोपा साधारण दीड तासात निम्मं होतं. पहिली काही वर्षं मेंदू थोडं साठवून ठेवतो म्हणून गोळी मागेपुढे झालेली कळत नाही, पण जुन्या पेशंटला तासभर उशीर झाला तरी अंग अडकतं. त्यात मासे, डाळ, अंडं यातलं प्रोटीन आतड्यात आणि पुढे मेंदूच्या दारातही त्याची वाट अडवतं, म्हणून आई गोळी दिल्यावर अर्धा तास थांबूनच हुमण-शीत वाढते.

गोळी एकदम बंद झाली तर जोराचा ताप येऊन, अंग ताठून जिवावरही बेतू शकतं. उलटी थांबवायला सर्रास देतात ते मेटोक्लोप्रामाइड डोपामिनलाच अडवतं, तेही या पेशंटना देऊ नये.

बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज असो, म्हापसा-मडगावची जिल्हा हॉस्पिटलं असोत की प्रायव्हेट, माझी कळकळीची विनंती आहे की अ‍ॅडमिट करतानाच घरच्या वेळा केसपेपरवर मोठ्या अक्षरात लिहा, आणि राउंड जमत नसेल तर डॉक्टरांच्या परवानगीने गोळ्या घरच्या माणसाच्या हातात ठेवा. आजाराने बाबांचा आवाज इतका बारीक झालाय, त्या रात्री त्यांनी गोळी मागितलीही असेल, कोणाला ऐकू गेली नसेल.

आपली,
एक वाचक, डिचोली