लाल फडकेवाले दादा आणि बाकीचे सगळे

नेपाळच्या सुनकोशी नदीत कयाक (एकट्याने वल्हवायची छोटी होडी) चालवून रविवारी रात्री मुलुंडला घरी पोचले. कोपर सोलवटलंय, बाकी धडधाकट. ज्यांच्यामुळे धडधाकट, त्यांची नावंही विचारायची राहिली, म्हणून हे जाहीर आभार.

पहिले चेकनाक्याचे रिक्षावाले दादा. जवळपास दोन मीटरचं वल्हं रिक्षात मावेना. त्यांनी ते तिरकं बाहेर काढलं आणि टोकाला आपलं लाल फडकं बांधलं. "बसा ताई बिनधास्त, कोणी ठोकत नाही." उतरताना गडबडीत फडकं माझ्याकडेच राहिलं.

सुनकोशीची सफर म्हणजे दोलालघाटापासून चतऱ्यापर्यंत सुमारे 270 किलोमीटर, रोज रात्री वाळूवर मुक्काम. हाकापूरच्या रॅपिडमध्ये, म्हणजे खळाळत्या प्रवाहात, माझी कयाक उलटली. इथल्या स्विमिंग पूलमध्ये शंभरदा जमलेला रोल (उलटलेली कयाक आत बसूनच पुन्हा सरळ करणं) तिथे दोनदा फसला (पूलला लाटा नसतात, हे तेव्हा कळलं!) आणि बोट सोडून बाहेर यावं लागलं. दुसऱ्याच ग्रुपमधल्या कुणीतरी खडकावरून दोरी भरलेली पिशवी फेकली, ती नेमकी खांद्यावर पडली. दोरी छातीशी धरून उताणी झाले, त्याने काठाला ओढून घेतलं. चेहरा आठवत नाही, पिवळं हेल्मेट तेवढं आठवतं.

रिकामी बोट खालच्या वळणावर दोन पोरांनी अडवून ठेवली होती. पैसे घेईनात. उलट त्यांच्या आजीने मलाच भाजलेला मका खायला घातला.

दादा, फडकं धुऊन ठेवलंय. रोज संध्याकाळी नाक्यावर बघते, अजून दिसला नाहीत.