दरपत्रक मागता, तर नकारही कळवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी सांगलीत राहून मुक्त लेखन करते. पतसंस्था, नागरी सहकारी बँका, दूध संघ, साखर कारखाने यांचे वार्षिक अहवाल, अध्यक्षांची मनोगतं आणि रौप्य-सुवर्णमहोत्सवी स्मरणिका हे माझं मुख्य काम. सहकारी संस्थांना आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सभा घ्यावी लागते. त्यामुळे जुलै लागला की फोन सुरू होतात. ‘मॅडम, दर सांगा.’ ‘गेल्या वर्षीचा अहवाल व्हॉट्सॲपवर टाकलाय, बघून घ्या.’ आम्ही तो अहवाल वाचतो, पानं मोजतो, दरपत्रक करून पाठवतो. त्यानंतर बहुतेक ठिकाणांहून काहीच येत नाही. होकार नाही आणि नकारही नाही.

या न आलेल्या उत्तराची किंमत संस्थांच्या लक्षात येत नसावी, म्हणून हे पत्र. ऑगस्ट-सप्टेंबरच्या आठ आठवड्यांत माझ्यासारखी एकटी काम करणारी व्यक्ती मोजकेच अहवाल हाती घेऊ शकते. एखाद्या बँकेने ‘जवळजवळ नक्की आहे’ म्हटलं की त्या तारखा मी राखून ठेवते आणि दुसऱ्या संस्थेला नाही म्हणते. ऑगस्ट संपताना कळतं की काम परस्पर छापखान्याकडूनच करून घेतलं. तोवर दुसरी संस्थाही हातची गेलेली असते. दर पटला नाही, काम दुसऱ्याला दिलं, तर त्यात माझी काहीच तक्रार नाही. तो संस्थेचा अधिकार आहे. पण ‘यंदा नको’ एवढे दोन शब्द वेळेवर आले, तर माझा एक महिना वाचतो.

पाठपुरावा करणं हा आमच्या कामाचाच भाग आहे, हेही मला तितक्याच ठामपणे सांगायचं आहे. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या, मराठीत एम. ए. झालेल्या मुली उत्तम लिहितात. पण दरपत्रक पाठवल्यावर दुसऱ्यांदा विचारायला त्यांना संकोच वाटतो. ‘त्यांना हवं असेल तर करतील फोन,’ असं घरचेही सांगतात. मी त्यांना संस्थेचा कारभार कसा चालतो ते समजावून सांगते. व्यवस्थापकाला दर पसंत पडला तरी तो एकटा काम देऊ शकत नाही. विषय संचालक मंडळाच्या सभेपुढे जातो, अनेकदा तीन दरपत्रकं जोडावी लागतात आणि सभा महिन्यातून एकदाच असते. म्हणून पहिल्याच बोलण्यात ‘मंडळाची सभा कधी आहे?’ हे विचारून घ्यायचं. सभेच्या दोन दिवस आधी एक संदेश पाठवायचा, सभेनंतर एक फोन करायचा. मधल्या काळात रोज ‘काय झालं सर?’ म्हणत राहण्याचा काही उपयोग नसतो. फोनही सकाळी काउंटरवर गर्दी असताना करायचा नाही. दुपारी कॅश जुळल्यावर माणूस नीट बोलतो. आणि प्रत्येक संदेशात समोरच्याच्या उपयोगाचं काहीतरी हवं. मी सभेच्या तारखेपासून उलटी मोजणी करून देते: अहवाल सभासदांच्या हातात कधी पडायला हवा, त्यासाठी छपाईला कधी जायला हवा, मुद्रितं तपासायला किती दिवस लागतील आणि म्हणून ताळेबंदाचे आकडे मला कोणत्या तारखेपर्यंत हवेत. हे वाचून कितीतरी व्यवस्थापकांनी स्वतःहून विषय लवकर मंडळापुढे नेला आहे.

नमुन्याबद्दलही लिहिलं पाहिजे. पूर्वी केलेलं काम दाखवायला आम्ही कधीच नाही म्हणत नाही. एखादं पान नव्याने लिहून मागितलं, तर तेही ठीक. पण ‘नमुना’ म्हणून स्मरणिकेतला संस्थेचा सगळा इतिहास लिहून घ्यायचा, नंतर फोन उचलायचे नाहीत आणि तोच मजकूर किरकोळ बदल करून छापायचा, हा अनुभव मी घेतला आहे आणि माझ्या ओळखीतल्या इतरांनीही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत नसलेल्या लेखकाच्या अशा मजकुराचा पहिला मालक तो स्वतः असतो आणि त्याने लेखी दिल्याशिवाय तो हक्क दुसऱ्याकडे जात नाही. आता मी नमुन्याच्या प्रत्येक पानावर ‘केवळ विचारार्थ’ आणि तारीख घालते.

काम झाल्यानंतरच्या पैशांसाठी निदान कायदा आहे. ‘उद्यम’ नोंदणी केलेल्या लहान व्यावसायिकाला २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याचा आधार घेता येतो. लेखी करार असला तरी त्याचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं आणि उशीर झाला तर व्याज लागतं. काम मिळण्याआधीच्या ताटकळण्याला मात्र कोणताच कायदा लागू होत नाही, व्हायचीही गरज नाही. तिथे संस्थेच्या रीतीचाच प्रश्न आहे. सभासदाच्या कर्ज अर्जावर मंजूर की नामंजूर हे कळवणाऱ्या संस्थेला दरपत्रकावर तेवढंच कळवणं जड नाही.

३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा मलाही मनापासून आनंद झाला. त्यानंतर मराठीतून रोजगार मिळाला पाहिजे, असं अनेक व्यासपीठांवरून ऐकते. आमच्या जिल्ह्यात तो रोजगार सहकारी संस्थांच्या दारात आहे. मराठीत चांगलं लिहिणारी मुलगी दोन हंगाम उत्तराची वाट पाहते आणि मग दुकानात हिशेब लिहायला जाते, हे मी पाहिलं आहे.

म्हणून संस्थांच्या व्यवस्थापकांना विनंती आहे की, दरपत्रक मागताना निर्णय कोणत्या तारखेला होणार ते त्याच संदेशात लिहावं आणि ठराव झाला की ज्यांना काम दिलं नाही त्यांनाही त्याच दिवशी कळवावं. आम्ही लिहिणाऱ्यांनीही दरपत्रकावर ‘हा दर व या तारखा अमुक दिवसापर्यंतच’ अशी ओळ घालावी, त्या दिवशी एकदा विचारावं आणि उत्तर नसेल तर तारखा दुसऱ्या कामाला द्याव्यात. यंदा मी माझ्या सर्व दरपत्रकांवर १० ऑगस्ट ही तारीख टाकली आहे.

आपली,
एक मुक्त लेखिका, सांगली