सूचना : रविवारच्या सारस-फोटोंबद्दल

मंडळी, रामराम. रविवारचे सारस पक्ष्याचे फोटो ग्रुपवर डॉक्युमेंट म्हणून टाका. नुसता टाकला की व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं, पिसांचा बारकावा जातो, मग कोणाची लेन्स कशी, यावर बोलायचं काय? खाली लेन्स, शटर (किती वेळ उघडं होतं) आणि आयएसओ (प्रकाश टिपण्याची सेटिंग) लिहा. उडत्या पक्ष्याला १/२५० सेकंद एवढं संथ शटर ठेवून, फोटो हलला की ‘लेन्सच खराब’ म्हणू नका.

मात्र डॉक्युमेंटसोबत जीपीएसची नोंदही, म्हणजे फोटो नेमका कुठे काढला ते, जाते; ती आधी काढा. पावसाळ्यात सारस धानाच्या बांधीतही (बांध घातलेल्या शेतातही) घरटं करतो, त्याची जागा सगळ्यांना कळायला नको. गोंदियाकडे उरलेत ते मोजकेच. घरट्याचे फोटो टाकूच नका, कितीही झकास आले तरी. आणि बांधीत शिरण्याआधी शेतकऱ्याला विचारा. मागच्या खेपेला रोवलेला धान कोणीतरी तुडवला, बोलणी मी खाल्ली.