बुधवार पेठेतल्या एका दादांचे जाहीर आभार

दादा,

सप्रेम नमस्कार.

माझ्या बिघडलेल्या हार्ड डिस्कमधल्या फाइल्स घेऊन त्या दिवशी तुमच्या दुकानातून निघताना माझ्या तोंडून धड शब्द फुटला नाही. नुसते हात जोडले आणि जिना उतरले. जे राहून गेलं ते आता सगळ्यांदेखत लिहिते आहे. तुमचं नाव लिहीत नाही, कारण ते तुम्हाला आवडायचं नाही.

त्या हार्ड डिस्कमध्ये काय होतं ते तुम्हाला माहीत आहे, इतरांसाठी सांगते. मुळशीच्या शाळांत शिकवत असताना मी गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करत गेले. हेमा राईरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्यांच्यापुढे माझं काम चिमूटभर. पण माझ्याकडे गायलेल्या कितीतरी जणी आज हयात नाहीत. गिरणी आली नि जातं कोपऱ्यात गेलं. काहींना तर खुंटा हातात धरल्याशिवाय ओवी आठवायचीच नाही, मग मूठभर नाचणी घालून जातं ओढायचं नि मी रेकॉर्डर पुढे धरायचा. नवऱ्याचं, सासूचं, गेलेल्या लेकीचं, जे कुणाजवळ बोलता येत नाही ते सगळं त्यात. एकीनं बजावलंच होतं, "बाई, गड्यामाणसांत लावू नगा हां."

डिस्क टकटक वाजायला लागली तेव्हा मी आधी दुसऱ्या एका दुकानात गेले. नाव घेत नाही. तिथल्या मुलानं चालतेय का बघू म्हणून एक फाइल स्पीकरवर लावली, भर दुकानात. गाणारीचा गळा दाटून आला होता, आणि काउंटरवरचे दोघे हसले. "मावशी, हे रडगाणं कशाला ठेवलंय?" वर डिस्क पुन्हा पुन्हा चालू करून बघितली, ती पार गप्प होईपर्यंत. मग म्हणाले, नवीन घ्या.

तुम्ही डिस्क हातात घेतलीत आणि पहिलं विचारलंत, "आवाज यायला लागल्यावर किती वेळा चालू केली?" मग बसवून समजावलंत. आतली तबकडी मिनिटाला 5400 फेरे घेते, तिच्यावरची माहिती वाचणारं हेड काही नॅनोमीटर अंतरावर तरंगतं, आपला केस त्या फटीपेक्षा हजारो पटींनी जाड. हेड बिघडलं असताना चालू करत राहिलं की ते तबकडीवर ओरखडे काढतं, आणि ओरखड्याखालचं पुन्हा मिळत नाही. "सगळं येईल असं सांगत नाही, बाई." इतकं सरळ मला त्याआधी कुणी सांगितलं नव्हतं. त्याच मॉडेलची दुसरी डिस्क मिळवून तिची हेड्स बसवणं, आधी पूर्ण प्रत काढून मग त्या प्रतीवरच काम करणं, हे तुमचं कौशल्य. त्याचे पैसे तुम्ही घेतलेत आणि ते वाजवी होते.

पण मला लिहायला बसवलं ते वेगळ्याच गोष्टीनं. फाइल्स मिळाल्या, पण बऱ्याच फाइल्सची नावं पुसली गेली होती, उरले होते नुसते आकडे. कुठली कशाची हे ऐकल्याशिवाय कळणार नव्हतं. तुम्हाला एकेक लावून बघता आली असती. तुम्ही फोन केलात, "आवाज नीट आलाय का ते बघायला हव्यात, पण तुम्ही या, तुम्हीच लावा." मी आले तर तुम्ही स्वतः उठून मला तुमच्या खुर्चीत बसवलंत, हेडफोनचे कान रुमालानं पुसून माझ्या हातात दिलेत, स्क्रीन भिंतीकडे वळवलात आणि पलीकडच्या टेबलावर जाऊन दुसऱ्याचा लॅपटॉप उघडून बसलात. मी रडले तेव्हा मान वर केली नाहीत. थोड्या वेळानं फक्त पाण्याचा ग्लास शेजारी येऊन ठेवलात.

मी त्या बायकांना दिलेला शब्द तुम्हाला ठाऊकही नव्हता, दादा. तरी तुम्ही तो पाळलात. परक्याचं बंद दार आपल्या हातात किल्ली असतानाही न उघडणं, हे कुठल्या कोर्समध्ये शिकवतात मला माहीत नाही. ज्यांनी तुम्हाला घरी हे वळण लावलं, त्यांनाही माझा नमस्कार सांगा.

ज्या फाइल्स आल्या नाहीत त्यांची यादी तुम्ही न लपवता दिलीत. त्यातल्या एक आजी पौडच्या पुढच्या गावात अजून खणखणीत आहेत. त्यांच्याकडे जाऊन आले. "पुन्यांदा गाते की, त्यात काय! भातलावणी उरकू दे," म्हणाल्या. लावणी झाली की रेकॉर्डर घेऊन जाणार आहे. झालेली फाइल दोन ठिकाणी ठेवते, तुम्ही सांगितलंत तशी.

तुमची,
मुळशीच्या बाई