बाबांच्या अँजिओप्लास्टीचा क्लेम नाकारल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
आरोग्य विमा विभाग, पुणे

विषय: मार्च २०१७ पासून चालू पॉलिसी, माहिती लपवल्याचं कारण देऊन क्लेम नाकारलाय

नमस्कार,

मी धनकवडीत राहते, बाबांच्या वतीने लिहितेय. ऑगस्टमध्ये एका पहाटे बाबांच्या छातीत दुखायला लागलं, रिक्षाने स्वारगेटजवळच्या हॉस्पिटलात नेलं, ते तुमच्या नेटवर्कमधलंच आहे, आणि दुपारपर्यंत अँजिओप्लास्टी होऊन दोन स्टेंट बसले. हॉस्पिटलने कॅशलेसची, म्हणजे बिल तुम्ही परस्पर भरण्याची, रिक्वेस्ट सकाळी ९ वाजता पाठवली आणि तुमचं उत्तर आलं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. आयआरडीएआयच्या, म्हणजे विमा नियामकाच्या, मे २०२४ च्या मास्टर सर्क्युलरप्रमाणे हा निर्णय १ तासात द्यायचा असतो. दीड दिवस थांबवून उत्तर काय, तर क्लेम नामंजूर, बीपी आधीपासून होतं ते सांगितलं नाही.

हे कुठून आलं ते सांगते. अ‍ॅडमिट करताना ड्युटीवरच्या डॉक्टरांनी आईला विचारलं बीपी कधीपासून आहे, ती रडत होती, हातपाय कापत होते तिचे, म्हणाली झाली असतील दहा वर्षं. ते केस पेपरवर आलं आणि तुम्ही तेवढी एक ओळ धरलीत. बाबांची बीपीची गोळी २०१९ मध्ये सुरू झाली, आमच्या फॅमिली डॉक्टरांची तेव्हाची चिठ्ठी माझ्याकडे आहे. आणि २०१७ ला पॉलिसी देण्याआधी तुम्हीच त्यांची मेडिकल टेस्ट करून घेतली होती, त्यात बीपी नॉर्मल आहे, तो रिपोर्ट तुमच्याच फाईलमध्ये असेल, तो का नाही बघितला कुणी?

बरं, तुमचं म्हणणं घटकाभर खरं धरलं तरी क्लेम नाकारता येत नाही. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली की माहिती दिली नव्हती असं म्हणून क्लेम अडवता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच येतो. हा मोरेटोरियम, म्हणजे ही मुदत, एप्रिल २०२४ पासून ५ वर्षांचा झाला, त्याआधी ८ वर्षांचा होता, आणि जुने ८ धरले तरी तेसुद्धा मार्च २०२५ मध्येच पूर्ण झालेत. सम इन्शुअर्ड, म्हणजे विम्याची रक्कम, पहिल्या दिवसापासून ५ लाखच आहे, मध्ये वाढवलेलं नाही, त्यामुळे वाढीव रकमेला वेगळी मुदत लागते तो मुद्दाही इथे येत नाही. एकही रिन्यूअल चुकलेलं नाही, कोविडमध्ये बाबांचा पगार अर्धा झाला होता तेव्हाही आधी हप्ता भरला.

तुमच्या पत्रात फसवणूक हा शब्दच नाहीये. क्लेम रिव्ह्यू कमिटीने मंजुरी दिली का, तेही नाही. त्या मंजुरीशिवाय क्लेम नाकारायचा नाही असं त्याच सर्क्युलरमध्ये आहे. मी शिवाजीनगरच्या ऑफिसात दोनदा येऊन विचारलं, काउंटरवरच्या ताईंनी टीपीएकडे, म्हणजे तुमच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या एजन्सीकडे, बोट दाखवलं, टीपीए म्हणतो कंपनीला विचारा.

अजून एक, डिस्चार्जनंतर चौथ्या दिवशी तुमचा इन्व्हेस्टिगेटर घरी आला, मी कामावर होते, त्याने आईची कोऱ्या कागदावर सही घेतली. तो कागद मला हवाय, त्यावर नंतर काय लिहिलं गेलं ते बघायचंय.

बिल २,८४,००० रुपये झालं. एफडी मोडली, उरलेले मेहुण्यांनी दिले. पैसे फेडू आम्ही हळूहळू, पण मला जास्त लागलेली गोष्ट वेगळीच आहे. परवा फॉलोअपला डॉक्टरांनी बाबांना विचारलं अजून काही त्रास होतो का, तर बाबा आधी माझ्याकडे बघायला लागले, सांगू का नको म्हणून. रात्री पायाला सूज येते ते त्यांनी सांगितलंच नाही, मी सांगितलं. हार्टचा पेशंट डॉक्टरांशी बोलायला घाबरतोय, कारण बोललेलं केस पेपरवर येतं आणि तिथून तुमच्याकडे जातं. क्लेम तपासताना हे कुणाच्या डोक्यात येतं का?

मला पूर्ण बिलाची रक्कम उशिराच्या व्याजासकट हवी आहे, कमिटीचा निर्णय लेखी हवाय आणि आईच्या सहीच्या कागदाची कॉपी हवी. सर्क्युलर वाचून दाखवणारा फोन नको, लेखी उत्तर द्या. महिन्याभरात समाधान झालं नाही तर मी नारायण पेठेत विमा लोकपालांकडे अर्ज देणार, तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही, फाईल तयार आहे माझी.

सोबत २०१७ पासूनच्या सगळ्या रिन्यूअलच्या पावत्या, २०१९ ची चिठ्ठी, डिस्चार्ज समरी, बिलं आणि तुमचं नकाराचं पत्र जोडलंय.

आपली,
पॉलिसीधारकाची मुलगी
धनकवडी, पुणे