हात बरे आसत तुमचे

मेस्त्रीकाका,

सप्रेम नमस्कार.

बाबांच्या होडीचं मशीन तुम्ही दुरुस्त केलंत, त्याबद्दल त्या दिवशी फोनवर आभार मानताना माझा आवाज भरून आला आणि तुम्ही 'बरा, बरा' म्हणून फोन ठेवून दिलात. जे बोलायचं होतं ते राहून गेलं. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे बाबांच्या होडीचं मशीन दोन महिने पडवीत उभं होतं. ऑगस्टात लावलं, तर तीस-चाळीस वेळा दोरी ओढल्याशिवाय सुरू होईना. एकदा लागलं की चालायचं, पण रात्रभर थांबलं की सकाळी पुन्हा तेच. आमचं देवबाग म्हणजे एका बाजूला कर्लीची खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र. संगमाजवळ जाळं टाकायला मशीन बंद केलं आणि मग ते लागलंच नाही, तर ओहोटी होडीला कुठे नेईल हे तुम्हाला मी काय सांगणार!

तुमच्याआधी तिघांनी ते मशीन पाहिलं. पहिल्याने प्लग बदलला. दुसऱ्याने कार्बोरेटर साफ केला. त्यांचा तो अंदाज चुकीचा नव्हता. दोन महिने राहिलेलं पेट्रोल सुकून कार्बोरेटरमधलं जेटचं बारीक भोक बुजतं, हे बाबांनाही ठाऊक आहे. पण साफ करूनही फरक पडला नाही, तेव्हा पुढे बघायला कोणी तयार नव्हतं. बाबा पहिल्या दिवसापासून सांगत होते, "नळीतला फुगा दाबून दाबून कडक होत नाही." फुगा म्हणजे पेट्रोल मशीनकडे चढवायला हाताने दाबायचा रबरी गोळा. त्याकडे एकानेही लक्ष दिलं नाही. तिसरे दुकानदार. ते बाबांकडे न बघता मला म्हणाले, "यांचं वय झालं ताई. दोरी ओढायला जोर लागतो. बटणावर सुरू होणारं नवीन घ्या."

बाबा शेजारीच उभे होते. अडुसष्ट वर्षांचे आहेत, बहिरे नाहीत.

त्यानंतर ते होडीकडे जाईनासे झाले. शेजाऱ्यांना सांगायचे, कंबर धरलीय. आणि पहाटे, घरात पंप असताना, विहिरीवर रहाटाने पाणी काढायचे. कळशी भरली तरी काढतच राहायचे. आईला वाटलं, पंप बिघडला असेल. मी रजेवर घरी आले होते. खिडकीतून पाहिलं तेव्हा मला समजलं. ते स्वतःचे हात तपासून बघत होते.

तुम्ही आलात, पडवीत बसलात, चहा घेतलात आणि मशीनला हातही न लावता आधी बाबांना विचारलंत, "तुमका काय वाटता?" बाबांनी फुग्याचं सांगितलं. तुम्ही मान हलवलीत. मग पेट्रोलची नळी मशीनला जिथे जोडतात तो जोड कोरडा पुसलात, खाली वर्तमानपत्र धरलंत आणि फुगा दाबलात. कागदावर ओला डाग पडला. जोडातली नखाएवढी रबराची रिंग चिरलेली होती. तिथून हवा आत शिरायची, रात्रीतून पेट्रोल नळीतून मागे टाकीत उतरायचं आणि सकाळी मशीन कोरडंच. पाऊण महिना आम्ही जे भोगलं, त्याच्या मुळाशी तेवढी एक रिंग.

नवीन रिंग बसवल्यावर बाबांनी दाबलेला फुगा दगडासारखा झाला. खरं तर दोरी तुम्ही स्वतः ओढू शकला असतात. प्रत्येक मेस्त्री तेच करतो, आणि त्यात काही वावगं नाही. पण तुम्ही हात पुसलेत, दोरीची मूठ बाबांच्या हातात दिलीत आणि म्हणालात, "हात बरे आसत तुमचे. मशीन वारो घेत होता. तुमीच वडा."

दुसऱ्या ओढीला मशीन लागलं. चालवून बघायला मशीन पाण्याच्या पिंपात उभं केलं होतं, त्यातलं पाणी उसळून पडवीभर झालं, धूर झाला, आई ओरडली. बाबा मूठ हातात धरून तसेच उभे होते. त्यांचा चेहरा तुम्ही पाहिला नाहीत, कारण तुम्ही मुद्दाम खाली वाकून हत्यारं आवरत होतात. तेही माझ्या लक्षात आहे, काका.

शहरात मी रोज हुशार माणसं पाहते. बिघाड शोधणारे पुष्कळ आहेत. पण वस्तू ज्याची आहे त्याला त्या वस्तूतलं कळतं, असं मानून आधी त्याचं ऐकणारी माणसं मला फार कमी भेटली. म्हाताऱ्या माणसासमोर त्याच्याविषयी त्याच्या मुलीशी बोलू नये, हे कुठल्या दुकानात शिकवत नाहीत. तुम्हाला ते कुणी शिकवलं असेल, त्यांनाही माझा नमस्कार.

रिंगेचे पैसे घेतलेत, मजुरी घेतली नाहीत. त्याचं भांडण बाबा तुमच्याशी करणारच आहेत. काल आईचा फोन होता: पहाटे चारला बाबा होडीवर गेले, विहिरीकडे फिरकलेही नाहीत. बांगडा चांगला लागलाय. तुमचा वाटा घेऊन ते रविवारी येतील, घरी थांबा.

तुमची,
देवबागची पुतणी