लोकरीचे चिलखत, मुलांना हलके

महोदय,

शिवजयंतीच्या मिरवणुकीत लहान मावळ्यांना लोखंडी कड्यांचे चिलखत घालू नये. खांदे भरून येतात. लोकरीचे विणावे. दहा वर्षांच्या मुलासाठी काळी जाड लोकर सुमारे ४०० ग्रॅम, दुपदरी, ८ मिमीच्या सुयांवर ५० टाके. प्रत्येक ओळ सुलटच विणावी, म्हणजे उठलेले टाके कड्यांसारखे दिसतात. विणकाम अंगावर लोंबते, म्हणून लांबी पाच सेंटीमीटर कमीच ठेवा.

खरी मेख रंगात आहे. चंदेरी फॅब्रिक रंगाचा ब्रश कागदावर जवळजवळ कोरडा पुसून फक्त उंचवट्यांवरून फिरवावा. खोलगट भाग काळाच राहिला पाहिजे. रंग आत मुरला तर कापड पत्र्यासारखे ताठ होते, मान काचते. आत सुती बंडी हवीच.

वेशभूषा करणारे कार्यकर्ते, पंचवटी, नाशिक